अटक झालेला माणूस कुठे आहे, हे कसं शोधायचं

‘त्याला पोलीस घेऊन गेले.’ घरी बहुतेक वेळा एवढंच कळतं. कोणत्या ठाण्याचे पोलीस, गणवेशात होते की साध्या कपड्यांत, कशासाठी नेलं, यातलं काहीच सांगणाऱ्याला ठाऊक नसतं. मग फोनाफोनी सुरू होते. नगरसेवक, ओळखीचा हवालदार, वकिलाचा नंबर जवळ असलेला कुणी मावसभाऊ. अटक झालेल्या माणसाचं नाव, पत्ता आणि त्याच्यावरच्या आरोपाचं स्वरूप पोलिसांनी ठाण्यात सगळ्यांना दिसेल असं लावायचं, हे कायद्यातच लिहिलेलं आहे, याची या धावपळीत फार थोड्या लोकांना कल्पना असते. ती माहिती मिळवायला वशिला लागत नाही आणि पैसे तर अजिबात लागत नाहीत.

अमेरिकेत बऱ्याच काउंट्यांमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये, शेरीफच्या म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या संकेतस्थळावर तुरुंगात आणलेल्या माणसांची यादी असते. नाव टाकलं की आरोप, जामिनाची रक्कम आणि पुष्कळदा फोटोसुद्धा दिसतो. आपल्याकडे अशी एकच यादी नाही. नोंदी आहेत, आणि भरपूर आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत: काही पोलीस ठाण्यात, काही पोलिसांच्या संकेतस्थळावर, काही न्यायालयात, काही कारागृहात. माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तशी त्याची नोंद पुढे सरकते. त्यामुळे शोध सुरू करताना पहिला प्रश्न ‘कुठे आहे’ हा नसतो. त्याला नेऊन किती तास झाले, हा असतो. पहिल्या रात्री न्यायालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधून काही मिळत नाही, आणि दहाव्या दिवशी ठाण्याच्या दारात उभं राहून उपयोग नसतो.

अटक ‘दाखवली’ आहे का?

पोलीस ठाण्यात गेल्यावर समोर बसलेल्या ठाणे अंमलदाराला नेमका हा प्रश्न विचारा: अटक दाखवली आहे का, म्हणजे कागदावर नोंदली आहे का, आणि दाखवली असेल तर किती वाजता?

‘चौकशीला बोलावलंय, सोडतो थोड्या वेळात’ हे उत्तर अनेकांना तासन्‌तास बाकड्यावर बसवून ठेवतं. कायद्याच्या दृष्टीने माणूस एकतर उठून घरी जायला मोकळा असतो, नाहीतर अटकेत असतो. मधली कुठली अवस्था नाही. चौकशीसाठी हजर राहायला सांगायचं असेल तर पोलीस लेखी नोटीस देतात. पूर्वी ती ‘एक्केचाळीस अ’ची नोटीस म्हणून ओळखली जायची. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि आता ती नोटीस कलम ३५ खाली निघते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, अटक का गरजेची आहे याची कारणं लिहून ठेवावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालच्या अर्णेश कुमार निकालात बजावलं. म्हणजे एखाद्याचं नाव गुन्ह्यात आहे याचा अर्थ त्याला अटक झाली आहे असा होत नाही. नव्या संहितेने एक जास्तीची अट घातली आहे. गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा अशक्त असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. घरातल्या वयस्कर माणसाला नेलं असेल तर ती परवानगी कुणी दिली, हे जरूर विचारा.

अटकेची वेळ इतकी महत्त्वाची का? कारण संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटकेनंतर चोवीस तासांच्या आत माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. प्रवासाला लागणारा वेळ तेवढा त्यातून वगळतात. हे घड्याळ कागदावर अटक दाखवल्यापासून नव्हे, माणसाची मोकळीक काढून घेतल्यापासून चालू होतं, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच म्हटलं आहे. म्हणून घरच्यांनी स्वतःची नोंद ठेवावी: किती वाजता नेलं, कोणासमोर नेलं, गाडीचा क्रमांक काय. ज्या दुकानासमोरून नेलं तिथला सीसीटीव्ही पुढे फार कामाचा ठरतो.

इथे एक गफलत नेहमी होते. मोर्चाच्या आधी, निवडणुकीत किंवा गणपतीच्या दिवसांत ज्यांना उचललं जातं, त्यांच्यावर पुष्कळदा गुन्हाच दाखल नसतो. ती प्रतिबंधक कारवाई असते, पूर्वीच्या कलम १५१ आणि आताच्या कलम १७० खालची. बोलीत तिला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. तिचा एफआयआर शोधत बसू नका, तो नसतोच. असा माणूस नेहमीच्या न्यायालयाऐवजी कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर जातो. ग्रामीण भागात तो तहसीलदार किंवा प्रांत असतो, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत हे अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडे असतात. तिथे चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र लिहून घेतला जातो.

दुसरी गफलत ठाण्याची. माणसाला नेणारं पथक आणि गुन्हा दाखल असलेलं ठाणं एकच असेल असं नाही. जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे एलसीबी, आणि शहरात गुन्हे शाखेचं एखादं युनिट अटक करतं. गुन्हा मात्र कुठल्यातरी ठाण्यात नोंदलेला असतो. रेल्वे स्थानकावरून नेलं असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे चौकशी करावी लागते. शिवाय प्रत्येक ठाण्यात लॉकअप नसतो, बायकांसाठी वेगळा लॉकअप तर आणखी कमी ठिकाणी. त्यामुळे गुन्हा एका ठाण्यात आणि माणूस रात्रभर दुसऱ्याच ठाण्याच्या कोठडीत, हे अगदी रोजचं आहे. ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर शब्दशः खरं असू शकतं. पुढचा प्रश्न तयार ठेवा: मग गुन्हा कुठे आहे आणि ठेवलंय कुठे?

फळ्यावरचं नाव कुठून आलं

२६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी देशाच्या सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. कोठडीत माणसं मरतात, वर्तमानपत्रात दोन ओळी येतात आणि पुढे काही होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. निकाल लागायला दहा वर्षं गेली. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकरा सूचना दिल्या, आणि आज अटकेच्या ज्या नोंदी आपण शोधतो त्यातल्या बहुतेकांचं मूळ त्या अकरा सूचनांमध्ये आहे. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे. अटकेचा मेमो, म्हणजे लेखी नोंद, जागेवर करायचा, त्यावर वेळ आणि तारीख घालायची, घरच्या किंवा वस्तीतल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, खाली अटक झालेल्याचीही सही. अंगावरच्या जखमांची नोंद आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला बारा तासांत कळवायचं आणि तिथल्या फळ्यावर ते लावायचं. या सूचना आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून लोकांपर्यंत पोचवाव्यात, असंही न्यायालयाने म्हटलं होतं.

हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण फळ्यावर नाव लावण्यामागचा हेतू त्यातून समजतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बातमी पुरवण्यासाठी ते नाव तिथे लावत नाहीत. पोलिसांच्या ताब्यात गेलेला माणूस कुणालाही न कळता नाहीसा होऊ नये, त्याच्यावर बाहेरच्या जगाची नजर राहावी, म्हणून ते लावतात.

पुढे या सूचना कायद्यात आल्या. नव्या संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात या कामासाठी एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे, किमान सहायक फौजदाराच्या दर्जाचा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ही माहिती ठेवायची आणि ठाण्यात तसंच जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची, ही त्याची जबाबदारी. ती पडद्यावर म्हणजे डिजिटल स्वरूपात लावली तरी चालते. कलम ४८ सांगतं की अटक झाल्याबरोबर, माणसाला कुठे ठेवलं आहे यासकट, त्याने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं, आणि कुणाला कळवलं याची ठाण्यातल्या वहीत नोंद करायची. हे झालं की नाही याची खात्री दंडाधिकाऱ्याने करून घ्यायची असते.

प्रत्यक्षात काय दिसतं? काही ठाण्यांत फळा अद्ययावत असतो. काही ठिकाणी त्यावर जुन्या तारखा असतात, काही ठिकाणी तो एखाद्या कपाटामागे गेलेला असतो. फळा कोरा असेल तर वाद घालण्यात वेळ घालवू नका. ‘कलम ३७ खाली नेमलेले अधिकारी कोण आहेत?’ एवढं शांतपणे विचारा. या एका प्रश्नाने समोरच्याचा सूर बदलतो, कारण विचारणाऱ्याला कायदा माहीत आहे हे त्याच्या लक्षात येतं. तिथेही दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाला फोन करा. त्यांच्याकडे जिल्हाभराची माहिती असायला हवी. काहीच सुचत नसेल तर ११२ वर कॉल करून ही विचारणा नोंदवा. तुम्ही अमुक वाजता शोध घेत होता, याची ती नोंद राहते.

अटकेची कारणं हा याला लागूनच असलेला विषय. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, स्पष्ट केलं की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. लगेच देणं शक्य नसेल तर निदान दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या दोन तास आधी. तो कागद वकिलाच्या हातात पडला की निम्मं काम सोपं होतं.

संकेतस्थळावर काय मिळतं

महाराष्ट्र पोलिसांचं नागरिकांसाठी एक पोर्टल आहे. त्यावर प्रकाशित एफआयआर पाहता येतात. जिल्हा किंवा आयुक्तालय निवडायचं, ठाणं निवडायचं, तारखांची मर्यादा घालायची, की त्या काळातले गुन्हे समोर येतात. अटक आरोपींच्या माहितीचाही त्यावर भाग आहे. एफआयआर संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिला. नोंद झाल्यापासून चोवीस तासांत, आणि इंटरनेटची किंवा दुर्गम भागाची अडचण असेल तर फार तर बहात्तर तासांत. लैंगिक गुन्हे, पोक्सोची म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची प्रकरणं, दहशतवाद आणि बंडखोरीशी संबंधित गुन्हे त्यातून वगळले आहेत. तुमच्या शोधात एफआयआर दिसला नाही तर तो दाखल झालाच नाही असं लगेच मानू नका; तो या वगळलेल्या प्रकारातला असू शकतो. अशा वेळी आरोपी स्वतः किंवा त्याच्या वतीने कुणी ठाण्यात अर्ज करून प्रत मागू शकतं, आणि ती चोवीस तासांत द्यायची असते. फिर्यादीला आणि पीडिताला तर एफआयआरची प्रत मोफत मिळते.

एफआयआर हातात आला की सगळ्यात आधी गु. र. नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, आणि त्याचं वर्ष टिपून घ्या. नाव चुकीचं लिहिलेलं असू शकतं, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी होऊ शकतं. नंबर एकच असतो, आणि ठाण्यापासून कारागृहापर्यंत प्रत्येक खिडकीवर तोच विचारतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. एफआयआर म्हणजे अटकेची नोंद नव्हे. ती फिर्याद आहे. ती लिहिली तेव्हा आरोपी ‘अनोळखी इसम’ असेल, तर महिन्याभराने अटक झालेल्याचं नाव त्या कागदावर कधीच उमटणार नाही.

दोषारोपपत्राचं, म्हणजे तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात दाखल करतात त्या कागदाचं, वेगळं आहे. तेही एफआयआरसारखं सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवावं, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी फेटाळली. आरोपीला आणि पीडिताला त्याची प्रत मिळते, बाहेरच्या कुणाला नाही. मला ही रेघ योग्य जागी ओढलेली वाटते. दोषारोपपत्रात साक्षीदारांचे पत्ते असतात, लोकांच्या बँकखात्यांचे तपशील असतात, कुणाकुणाच्या घरातल्या गोष्टी असतात.

न्यायालय

दुसऱ्या दिवसापासून शोधाची जागा बदलते. दंडाधिकाऱ्यासमोर पोलीस रिमांड रिपोर्ट ठेवतात. त्यात अटकेची तारीख, वेळ, आरोप आणि कोठडी का हवी याची कारणं असतात. न्यायालय पोलीस कोठडी देईल, न्यायालयीन कोठडी देईल किंवा जामीन देईल. वकिलांच्या बोलण्यात यातल्या पहिल्या दोन्हींना पीसीआर आणि एमसीआर म्हणतात. पीसीआर म्हणजे माणूस पोलिसांकडेच राहणार, एमसीआर म्हणजे तो कारागृहात जाणार. घरच्यांना हा फरक कुणी सांगत नाही, आणि मग डबा घेऊन माणसं चुकीच्या दारात उभी राहतात.

न्यायालय खुलं असतं. रिमांडच्या वेळी नातेवाईक मागे बसून ऐकू शकतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. रविवारी आणि सणाच्या दिवशी सुट्टीच्या न्यायालयात हजर करतात. ते कोणत्या इमारतीत बसतं, हे ठाणे अंमलदाराला आधीच विचारून ठेवलेलं बरं.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर खटला पक्षकाराच्या नावाने, वकिलाच्या नावाने किंवा एफआयआर क्रमांकाने शोधता येतो. जिल्हा, न्यायालयाचं संकुल, पोलीस ठाणं, गुन्ह्याचा नंबर आणि वर्ष भरायचं. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की पुढच्या तारखा आणि आदेश घरबसल्या दिसतात. इथे लोक निराश होतात, कारण दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत मूळ खटला पुष्कळदा तिथे दिसतच नाही, आणि त्याला साठ किंवा नव्वद दिवससुद्धा लागू शकतात. तोवर जामीन अर्ज शोधा. त्याला स्वतंत्र क्रमांक पडतो आणि तो लवकर दिसायला लागतो.

कारागृह

महाराष्ट्रात नऊ मध्यवर्ती कारागृहं आहेत: येरवडा, मुंबईचं आर्थर रोड, ठाणे, तळोजा, नाशिक रोड, छत्रपती संभाजीनगरचं हर्सूल, नागपूर, अमरावती आणि कोल्हापूरचं कळंबा. त्याशिवाय जिल्हा कारागृहं, मुंबईत बायकांसाठी भायखळा. गोव्यात म्हापशाजवळचं कोलवाळ. कुठे पाठवायचं हे मुख्यतः न्यायालयाच्या जागेवरून ठरतं, पण गर्दीमुळे माणूस दुसरीकडेही हलवला जातो.

दारातून आत घेताना न्यायालयाचं वॉरंट तपासतात, नाव, ओळखीच्या खुणा, जवळच्या वस्तू यांची नोंद करतात, डॉक्टर तपासतात. अमेरिकेत ‘बुकिंग’ म्हणतात ते आपल्याकडे इथे होतं. पण ही नोंद सगळ्यांसाठी उघडी नसते. नातेवाईक आणि वकील कारागृहाच्या मुलाखत कक्षात विचारू शकतात. राष्ट्रीय कारागृह पोर्टलवरच्या ई-मुलाकात सुविधेतून भेटीची वेळ मागता येते. तिथे भेटणाऱ्याची ओळख आणि बंद्याचा तपशील द्यावा लागतो. पहिल्या भेटीला जाताना आधार कार्डासोबत गु. र. नं. आणि न्यायालयाचं नाव कागदावर लिहून न्या.

कुठेच पत्ता लागत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं आणि १५१०० हा त्यांचा देशभरचा मोफत क्रमांक आहे. कोठडीतल्या कोणत्याही माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. माहितीच्या अधिकारातही एक दुर्लक्षित तरतूद आहे. एरवी उत्तराला तीस दिवस मिळतात, पण माहिती एखाद्याच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. अर्जाच्या पहिल्याच ओळीत हे ठळकपणे लिहा. आणि चोवीस तास उलटून गेले, हजर केलं नाही, ठाणं हात वर करतंय, अशी स्थिती असेल तर वकिलामार्फत उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे ताब्यातल्या माणसाला न्यायालयासमोर आणा अशी मागणी, हा रस्ता आहे. हे न्यायालय मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरी इथे बसतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंचही आहे. तुम्ही लिहून ठेवलेली ती वेळ, तो गाडीचा क्रमांक, ११२ चा कॉल, हे सगळं तिथे कामाला येतं.

खोटी अटक, आणि परदेशातली अटक

हे सगळं माहीत असण्याचा आणखी एक फायदा अलीकडे कळायला लागला आहे. ‘तुमच्या मुलाला अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडलंय, लगेच पैसे भरा’ असा फोन निवृत्त आईवडिलांना येतो. व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसतो आणि ‘डिजिटल अटक’ झाल्याचं सांगतो. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. फोन ठेवा, आधी मुलाला कॉल करा, मग त्या ठाण्याचा अधिकृत क्रमांक शोधून गु. र. नं. विचारा. खऱ्या अटकेला ठाणं असतं, नंबर असतो, चोवीस तासांत न्यायालय असतं. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा.

मुलगा किंवा सून खरोखरच अमेरिकेत असेल आणि तिथे पकडल्याचं कळलं, तर आधी काउंटीचं नाव मिळवा आणि त्या शेरीफच्या तुरुंगाची यादी पाहा. इमिग्रेशनच्या कारणाने ताब्यात घेतलं असेल तर काउंटीच्या यादीत नाव सापडेलच असं नाही. त्या खात्याचा स्वतंत्र ऑनलाइन शोध आहे. तिथे ‘ए’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि जन्माचा देश लागतो, किंवा पूर्ण नाव आणि जन्माचा देश. परदेशात अटक झालेला माणूस आपल्या देशाच्या वकिलातीला कळवा अशी मागणी करू शकतो. तो हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६ ने दिला आहे. ही मागणी त्याने स्वतः करणं चांगलं, म्हणून पहिल्या फोनवर त्याला तेवढं सांगा. तिथल्या मोकळ्या नोंदींची एक वाईट बाजूही आहे. तुरुंगातले फोटो उचलून स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायचे आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागायचे, असा धंदा तिथे उभा राहिला, आणि अनेक राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले.

जी नावं शोधायची नाहीत

आपल्याकडे असा धंदा नसला तरी सोसायटीचे आणि गावचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. एफआयआरचा स्क्रीनशॉट तासाभरात चारशे लोकांपर्यंत जातो. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसं होती, आणि त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी होती, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू होता अशी. चारातल्या तीन जणांबद्दल न्यायालयाने अजून काहीही ठरवलेलं नव्हतं. तपासात ओळख परेड व्हायची असेल तर आधीच फिरलेला फोटो खटलासुद्धा बिघडवतो, कारण साक्षीदाराने तो चेहरा मोबाइलवर पाहिलेला असतो. फिर्यादीचंही नुकसान त्यात आहे.

काही नावं तर उघड करणं हाच गुन्हा आहे. बलात्काराच्या प्रकरणातल्या पीडितेची ओळख, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार. पोक्सोतल्या बालकाची ओळख. आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार, ज्याच्यावर आरोप आहे त्या बालकाचीही. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलिसांच्या लॉकअपमध्ये किंवा कारागृहात ठेवताच येत नाही. त्याला चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं आणि ठेवायचं झालं तर निरीक्षणगृहात. मुलगा लहान असेल तर ठाण्यातल्या कोठडीची चौकशी करण्याऐवजी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला घेऊन थेट मंडळाकडे जा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. वयाचा कागद जितका लवकर दाखवाल तितकं बरं.

निर्दोष सुटलेल्यांचा प्रश्न शेवटपर्यंत राहतो. न्यायालयाने सोडलं तरी पोलिसांच्या संगणकातली अटकेची नोंद आपोआप पुसली जात नाही, आणि नोकरीसाठी किंवा पासपोर्टसाठी चारित्र्य पडताळणी होते तेव्हा ती वर येते. अशा वेळी ती दडवू नये. अर्जात खटल्याबद्दल विचारलं असेल तर खरं लिहावं आणि निकाल जोडावा. माहिती दडवल्याबद्दल नोकरी गेल्याची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयाच्या नक्कल विभागातून काढा, दोन जास्तीच्या काढा. एक गुन्हा दाखल झालेल्या ठाण्यात अर्जासोबत द्या, खटल्याचा निकाल नोंदीत चढवण्याची लेखी विनंती करा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. पडताळणीसाठी येणारा कर्मचारी बहुतेक वेळा त्याच ठाण्यातून येतो.